खोकल्याची जागा

भारी डिस्क प्लेअर घरी आणला की तो ऐकायचा नसतो. निदान सुरुवातीला तरी नाही. आधी तो नुसता चालवत ठेवायचा. "सर, दोनशे तास तरी बर्न-इन द्या," विकणाऱ्याने मला सांगितलं, आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेर डॉक्टर बोलतात तसा आवाज खाली आणून पुढे म्हणाला, "मग बघा कसा फुलतो. तोवर मत बनवू नका." दोनशे तासांत यंत्र बदलतं की ऐकणाऱ्याचे कान, यावर जगभर भांडणं चालू आहेत. माझ्यापुरतं सांगायचं तर तेवढ्यात माल परत करायची मुदत संपली, एवढा बदल नक्की झाला.

त्या काळात आमच्या हॉलमध्ये रिकाम्या सोफ्यासमोर दिवसभर यमन चालायचा. सकाळी यमन, भर दुपारी यमन. रागांच्या वेळा पाळणारं आमचं घर, त्यामुळे बायको दारावरून जाताना नजर दुसरीकडे वळवायची. कामाला येणाऱ्या मावशींनी पहिले काही दिवस सहन केलं, मग विचारलं, "दादा, कुणी ऐकत नाही तर बंद करू का?"

"नको मावशी, तो तयार होतोय."

"मग गाणारा तयार नाही का अजून?" म्हणून त्या फरशी पुसायला लागल्या. पुण्यात राहून मावशींनाही समीक्षा जमायला लागली आहे.

किंमत विचारू नका. ती मी घरात टप्प्याटप्प्याने जाहीर करतो आहे आणि शेवटचा टप्पा यायला अजून अवकाश आहे. वजन मात्र लपवता आलं नाही. पंचवीस किलो. नेमकी त्या दिवशी सोसायटीची लिफ्ट बंद होती. दोन पोरांनी तो खोका तिसऱ्या मजल्यावर आणला, तेव्हा वाटेतल्या प्रत्येक दारात कुणीतरी उभं होतं आणि प्रत्येकाने "तिजोरी का?" असंच विचारलं. एका अर्थी बरोबरच होतं, फक्त पैसे आत नव्हते, बाहेर गेले होते. खोक्यात खोका, त्यात फोम, त्यात कापडी पिशवी, आणि तिच्यात हे जाड ॲल्युमिनियमचं धूड. सोबत पांढरे हातमोजेही होते. आणि एवढ्या सगळ्या ऐवजाने फिरवायचं काय, तर जेमतेम पंधरा-सोळा ग्रॅमची एक चकती.

मुलाला हे पटलेलं नाही. "बाबा, सगळं फोनवर आहे." फोनवर सगळं आहे हे खरं, आणि म्हणूनच तिथे माझं एकही गाणं पुरतं ऐकून होत नाही. आलापीत जरा रेंगाळलं की बोट आपोआप पुढच्याकडे जातं. डिस्कचं तसं नाही. एकदा उठून, कपाट उघडून, चष्मा लावून, कव्हरच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचून तिला ड्रॉवरमध्ये ठेवलं की माणूस शेवटपर्यंत बसतो. पुन्हा उठायचा कंटाळा हा शास्त्रीय संगीताचा मोठा आश्रयदाता आहे.

या तबकडीचा कारभार मला मुळात आवडतो. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाचली जायची, ही आतून बाहेर. लेझरचा किरण खाचांच्या ज्या वाटेवरून जातो ती सलग उलगडली, तर पाच किलोमीटरच्या वर भरेल. म्हणजे साधारण कोथरूड डेपो ते डेक्कन. हे अंतर ती ७४ मिनिटांत कापते. संध्याकाळी मला गाडीने तेवढाच वेळ लागतो, पण वाटेत गाणं नसतं. शिवाय आतल्या बाजूला असताना चकती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि कडेला येईपर्यंत २०० वर उतरते. आपला ख्याल विलंबितातून द्रुतात जातो, तबकडी द्रुतातून विलंबितात येते. दोघांची गाठ कुठेतरी मध्यलयीत पडत असावी.

७४ मिनिटंच का, याची एक आख्यायिका सांगतात की बेथोवेनची नववी सिंफनी एका तबकडीवर मावावी म्हणून. खरंखोटं कंपन्या जाणोत. त्या समितीवर आपला एखादा खाँसाहेब असता, तर चकती परातीएवढी झाली असती. ७४ मिनिटांत आमच्याकडे तंबोरे लागतात, पडदे सारले जातात, आणि पाहुण्यांचा सत्कार निम्म्यावर येतो.

आणि गंमत म्हणजे याच लोकांच्या आज्यांनी तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवले होते. नोव्हेंबर १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने कलकत्त्याच्या हॉटेलात गायिका गौहरजानचं गाणं मेणावर कोरून घेतलं. पुढच्या तबकड्या बनायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. कुठलं गाणं कुणाचं हे तिथल्या कामगारांना कळावं म्हणून गाणं संपता संपता बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगून टाकत. त्यानंतर ८० वर्षांनी, ऑगस्ट १९८२ मध्ये, विक्रीसाठीच्या पहिल्या सीडी छापल्या गेल्या त्या याच हॅनोव्हरच्या शेजारी, लांगेनहागेनच्या कारखान्यात. चपट्या तबकडीचा ग्रामोफोन काढणारा एमिल बर्लिनर जन्मला तोही हॅनोव्हरलाच. आपल्याकडे एखाद्या गावाच्या खात्यावर एवढं पुण्य असतं, तर तिथे निदान जत्रा भरली असती आणि चकतीच्या आकाराचे पेढे मिळाले असते.

या भारावलेल्या मनःस्थितीत मी जुन्या तबकड्यांवरून केलेली एक सीडी नव्या यंत्रात घातली. शंभर वर्षांपूर्वीची खरखर इतकी स्वच्छ मी आयुष्यात ऐकली नव्हती. पूर्वीच्या प्लेअरवर ती नुसती खरखर होती, इथे तिच्यात बारीक खरखर, जाड खरखर, दर फेऱ्याला येणारी टचटच आणि पाठीमागे एक मंद गुरगुर अशा चार स्वतंत्र व्यक्ती वावरत होत्या. बाई त्यांच्या पलीकडे कुठेतरी गात होत्या. मी डोळे मिटून दाद देणार, इतक्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

"पट्टी चढली आहे."

बायकोने लहानपणी दहा वर्षं गाणं शिकलेलं आहे. पुढे तिने ते सोडलं, पण कानांनी तिला सोडलं नाही.

"म्हणजे?"

"या पांढरी पाचात गायच्या. हे काळी चारला चाललंय. आणि ताना पाहा, मागे कुत्रं लागल्यासारख्या पळताहेत. चकती जोरात फिरवलीय कुणीतरी."

तिचं बरोबर असणार. आपण सरसकट 'अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या' म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात त्या नेमक्या त्याच वेगाने कोरल्या जात असं नाही. कोरताना वेग कमी असला आणि सीडी बनवणाऱ्याने डोळे मिटून ७८ वर फिरवली, की गाणारा अर्धा स्वर वर चढतो आणि वयाने दहा वर्षं लहान होतो. हे माझं पंचवीस किलोचं यंत्र ती चूक थेंबभरही न सांडता माझ्या दिवाणखान्यात ओततं. त्यावर त्याच्याकडे इलाज नाही, कारण त्याला गाणं कळत नाही. ते स्वयंपाकघरात कळतं.

ओरखड्यांवर मात्र त्याच्याकडे इलाज आहे. माझ्याकडे एक सीडी आहे, तिच्यावर मुलाने लहानपणी खेळातली गाडी चालवली होती. जुना प्लेअर त्या जागी उचकी लागल्यासारखा अडायचा. नवा सुरळीत जातो. याचं श्रेय रीड आणि सॉलोमन या दोन गणित्यांना, त्यांनी १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीला. त्या पद्धतीच्या जोडीला तबकडीवर एका क्षणाचा आवाज एका जागी ठेवतच नाहीत, तो दूरदूर विखरून लिहितात. त्यामुळे ओरखडा पडला तरी कुणा एकाचं सगळं घर बुडत नाही, अनेकांचं थोडं थोडं जातं आणि ते हिशेबाने परत मिळवता येतं. अगदीच अशक्य झालं तर यंत्र आधीच्या आणि नंतरच्या आवाजावरून मधला भाग अंदाजाने भरतं. मुरलेला पेटीवाला गवयाची विसरलेली ओळ भरून काढतो ना, तसं, आणि तितक्याच निर्विकार चेहऱ्याने.

या दोघा गणित्यांची पद्धत व्हॉयेजर यानावरही आहे. युरेनस आणि नेपच्यूनचे फोटो एवढ्या लांबून शाबूत पोचले ते तिच्याच मदतीने. त्याच यानावर १९७७ पासून सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरीच्या बाई ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचल्या. तबकडीसोबत सुई आणि कार्ट्रिज दिलं आहे, कसं वाजवायचं त्याची आकृती कोरली आहे, प्लेअर मात्र दिलेला नाही. तो ज्याचा त्याने करायचा. परग्रहावर कुणाच्या हाती ती लागली, तर त्यालाही कुणीतरी विकणारा भेटेलच आणि दोनशे तास थांबायला सांगेल.

आता ऐकण्याबद्दल. असल्या भारी यंत्रांवर ऐकणाऱ्यांचा एक पंथच आहे आणि त्याची समीक्षेची भाषा वेगळी आहे. आपल्याकडे गाण्यावर मत द्यायला 'वा' आणि 'ठीक' हे दोन शब्द आयुष्यभर पुरतात. इथे आवाजाला 'हवा' असते, खालचे स्वर 'घट्ट' असतात, वरचे 'रेशमी' असतात, आणि स्वरांच्या पाठीमागची शांतता 'काळी' असते. जितकी काळी तितकी महाग. शिवाय 'साउंडस्टेज' नावाचं एक प्रकरण असतं. म्हणजे डोळे मिटले की समोर मंच उभा राहिला पाहिजे, त्याची रुंदी कळली पाहिजे, खोली कळली पाहिजे, कोण कुठे बसलंय ते बोटाने दाखवता आलं पाहिजे. आमचा हॉल बारा बाय चौदाचा. त्यात दिवाण, शोकेस आणि सासूबाईंची आरामखुर्ची. तिथे साउंडस्टेज उभा करायचा तर आधी शोकेस हलवावी लागेल, असं मला वाटलं होतं.

माझा एक मित्र या पंथात माझ्या आधी दीक्षा घेऊन बसला आहे. तो ऐकायला आला आणि पहिली पंधरा मिनिटं प्लेअरच्या मागे डोकं घालून बसला. बाहेर येऊन म्हणाला, "ही कंपनीची पॉवर केबल बदल आधी." म्हणजे कोयनेहून निघालेली वीज सह्याद्री ओलांडून, खांबाखांबांवरच्या ॲल्युमिनियमच्या तारांतून, आमच्या गल्लीतल्या डीपीत मांजराला चुकवून इथवर येणार, आणि शेवटच्या दीड मीटरला चांदी लावली की ती सुसंस्कृत होणार. मी ते बोलून दाखवलं नाही. त्याच्या घरी केबल जमिनीला लागू नये म्हणून ती लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली असते, आणि अशा माणसाशी वाद घालायचा नसतो.

शांततेची अडचण मात्र केबलने सुटणारी नाही. सीडीवर सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. कागदावर हे फार देखणं दिसतं. आमच्या हॉलमध्ये दुपारी सगळे झोपले असताना मोबाइलवरचं मापक ४२ दाखवतं, आणि खालची पाण्याची मोटर सुरू झाली की ५५. म्हणजे मंद्रातला जो नाजूक श्वास पकडायला मी एवढे पैसे ओतले, तो आमच्या घरात फ्रिजच्या खाली दबून राहतो. त्यावर कुकरच्या शिट्ट्या, घंटागाडीचं गाणं, आणि 'भंगारवालेऽऽ' ही आरोळी. तो भंगारवाला, खरं सांगतो, षड्जाला असा बिनचूक लागतो की साउंडस्टेजवर तो मला एकदा चौथ्या तंबोऱ्याच्या जागी दिसला.

मग मी पहाटे उठायला लागलो. पाच वाजता फ्रिजही थकलेला असतो. तेव्हा कुठे या यंत्राने मला काय दिलं ते कळलं, आणि ते मात्र मी थट्टेवारी नेणार नाही. नुसता तंबोरा. गाणं सुरू व्हायच्या आधीचे ते दोन मिनिटांचे झंकार, जे आपण एरवी खुर्ची सरकवण्यात घालवतो. साध्या प्लेअरवर तंबोरा म्हणजे एक गुंजन असतं, मागे अंथरलेलं. इथे चार तारा सुट्या झाल्या. पंचम छेडला गेला, मग जोडीच्या दोन, मग खर्ज, आणि खर्जाच्या पाठोपाठ त्याच तारेच्या पोटातून हळूच वर आला तो गांधार, जो कुणी छेडलेला नसतो. स्वयंभू गांधार म्हणतात तो. जवारी नीट लागली असली की ऐकू येतो हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि जाणकारांसमोर ऐकू आल्यासारखी मानही पुष्कळ वेळा हलवली होती. त्या पहाटे तो खरोखरच आला. मी बायकोला उठवलं. ती येऊन उभी राहिली, ऐकलं, म्हणाली, "छान आहे. वरच्या जोडीतली एक तार किंचित उतरली आहे," आणि पुन्हा झोपायला गेली. त्यानंतर मला ती उतरलेली तारच ऐकू येते.

इथेच या यंत्राचा स्वभाव लक्षात येतो. ते चहाडखोर आहे. त्या खोलीत त्या दिवशी जे जे घडलं ते सगळं ते तुमच्या कानात सांगतं, आणि गाणं हे त्यातलं एक. तबलजीने हातोडी कुठे ठेवली, पेटीचा भाता कुठे फाटला आहे, गवयाने तान घ्यायच्या आधी पान गालात कसं सरकवलं. ग्लेन गूल्डची १९८१ ची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स लावली, तर पियानोसोबत तो गुणगुणतो आहे हे जगजाहीर असलेलं गुपित आमच्या सासूबाईंनाही कळलं. "तो मागे कोण कण्हतोय? बरं वाटत नसेल तर घरी जा म्हणावं." हे सगळं लपवायला ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी जिवाचं रान केलं असेल, आणि मी ते उकरून काढायला कर्ज काढलं. (हा किमतीचा एक टप्पा इथे चुकून जाहीर झाला.)

दसऱ्याला सासूबाईंनी त्याची शस्त्रांबरोबर पूजा केली हे मला त्यामुळे योग्यच वाटलं. झेंडूच्या पाकळ्या हवेच्या फटींतून आत जातील म्हणून मी हार समोरच्या बाजूला लावा म्हणालो, तर ड्रॉवर उघडला की हार पुढे येऊन पाहुण्यांना अर्पण व्हायला लागला.

पण यंत्राच्या चहाडखोरपणाचा खरा कस लागला तो नानाकाकांच्या खोकल्यावर.

नानाकाका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. वय ८३. त्यांच्या तरुणपणी पुण्यात एका थोर गवयाची मैफल झाली होती. गवयाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, सांगितलं तर आणखी हक्कदार पुढे येतील. ती मैफल कुणीतरी मुद्रित केली, पुढे तिची सीडी निघाली, आणि त्या सीडीवर विलंबित ख्यालात, अंतऱ्याच्या तोंडाशी, एक खोकला आहे. तो नानांचा आहे. आमच्या घराण्यात हे सर्वमान्य आहे. कुणी पानिपतावर पडलं, कुणी टिळकांना भेटलं, तसे आमचे नाना त्या सीडीवर खोकले. लग्नकार्यात नव्या सुनेची ओळख करून देताना "हे आपले नाना, यांचा खोकला एच. एम. व्ही.च्या तोडीचा" असं सांगायची रीत आहे. आणि खोकलेही कसे, तर समेवर. "अख्खं आवर्तन दाबून धरला होता," नाना सांगतात, "म्हटलं मध्ये कुठे रसभंग नको. सम आली आणि सोडला. बुवांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नव्हे हं. दाद दिल्यासारखं."

नव्या प्लेअरची बातमी कळल्यावर नानांचा फोन आला. "अरे, त्याच्यावर बारीकसारीक सगळं ऐकू येतं म्हणे?"

"येतं, नाना."

"मग मी रविवारी येतो. माझा खोकला मला एकदा नीट ऐकायचा आहे."

रविवारी नाना आले ते धुवट धोतर, कोट आणि उपरणं अशा थाटात. वरच्या मजल्यावरचे बँकवाले काकाही आले. मी त्यांना सहज म्हणून बोलावलं होतं. चहा झाल्यावर ते घसा खाकरून म्हणाले, "त्या मैफलीला मीही होतो. सीडीवर तो एक खोकला आहे ना, तो..." आणि लाजून थांबले.

हॉलमध्ये क्षणभर इतकी काळी शांतता पसरली की विकणाऱ्याने तिची वेगळी किंमत लावली असती.

"तो काय?" नानांनी विचारलं.

"आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे," बँकवाले काका नम्रपणे म्हणाले. "मला तेव्हा डांग्या खोकला झाला होता."

"डांग्या लहान पोरांना होतो. तुम्ही किती वर्षांचे होता?"

"बारा. वडिलांबरोबर गेलो होतो."

"मग हा तुमचा नव्हे. हा बाप्या माणसाचा खोकला आहे. छातीतून आलेला."

मी घाईघाईने डिस्क घातली. ड्रॉवर आत गेला, आकडे उमटले, तंबोरे सुरू झाले. दोघे वृद्ध सोफ्याच्या दोन टोकांना, मान खाली, डोळे मिटून. स्थायी झाली, बढत झाली, बुवा पंचमावर येऊन असे थांबले की एरवी माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं. कुणाचंही लक्ष नव्हतं. आम्ही सगळे खोकल्याची वाट बघत होतो.

आला. ऐकणाऱ्याच्या डाव्या हाताला, स्पष्ट, कोरडा, दोन तुकड्यांत.

"डावीकडे!" बँकवाले काका उसळले. "मी डावीकडेच होतो. बायकांच्या बैठकीलगत."

"डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?" नाना म्हणाले. "तुमच्या की बुवांच्या? माइक बुवांसमोर होता. त्याचं तोंड कुणीकडे?"

प्रश्न बिनतोड होता. मी माहितीपत्रक काढलं. त्यात यंत्राच्या धातूचा दर्जा तीन भाषांत दिला होता, बुवांचं तोंड कुणीकडे होतं हे एकाही भाषेत नव्हतं. मग तबला कुठे ऐकू येतो, पेटी कुठे, यावरून बैठक मांडायला सुरुवात झाली. टीपॉयवर साखरेचं भांडं म्हणजे बुवा, चकलीची बशी म्हणजे तबला, अडकित्ता म्हणजे पेटी. नानांनी स्वतःच्या जागी सुपारी ठेवली. बँकवाल्यांनी तिथेच चमचा ठेवला. नानांनी तो उचलून बशीत टाकला.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावला. या खेपेला नव्या अडचणीने डोकं वर काढलं. बँकवाले काका मांडीवर ताल धरून बसले होते. खोकला आला तशी त्यांनी बोटं वर केली. "समेवर नाही. एक मात्रा आधी आहे."

नाना पांढरे पडले. साध्या टेपरेकॉर्डरवर जे अर्धशतक समेवर होतं ते यंत्राने एका मात्रेने अलीकडे आणून ठेवलं होतं. पण नाना कसलेले श्रोते. दुसऱ्याच क्षणी त्यांनी उपरणं सावरलं. "अनागत म्हणतात त्याला. सम येण्याआधीच दाखवायची. ते सगळ्यांना नाही जमत."

आता बायको पदराला हात पुसत बाहेर आली. एवढा वेळ ती आतून ऐकत होती. "पुन्हा एकदा लावा हो," ती मला म्हणाली, आणि सोफ्यावर न बसता दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये जमिनीवर बसली, डोळे मिटून. खोकला आला, गेला.

"नाना," ती म्हणाली, "हा खोकला समोरून नाही येत. मागून येतोय."

"मागून म्हणजे?"

"बुवांच्या मागून. तंबोऱ्याच्याही किंचित मागे. आणि खोकल्याबरोबर डावीकडच्या तंबोऱ्याचा पंचम जरा डळमळतो, पाहिलंत? हा तंबोऱ्यावर बसलेल्याचा खोकला आहे. श्रोत्यांतला नाहीच."

साउंडस्टेजला खोली असते म्हणतात, ती मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसली. चांगली वावभर होती, आणि तिच्या पार तळाशी आमच्या घराण्याचा एकमेव कलावंत पडला होता. मला ते यंत्र उचलून परत खोक्यात घालावंसं वाटलं, पण पंचवीस किलो. बँकवाले काका बशीतला चमचा मुकाट्याने पुसून साखरेच्या भांड्यात ठेवत होते.

नानांनी बराच वेळ साखरेच्या भांड्याकडे पाहिलं. मग टीपॉयवरची स्वतःची सुपारी दोन बोटांत उचलली, हवेतून फिरवून भांड्याच्या मागे नेऊन ठेवली, आणि माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, "सूनबाई, काय कान आहेत तुझे! अगं, मी कुणाला बोललो नाही इतकी वर्षं. गर्दी इतकी झाली होती त्या दिवशी, शेवटी आम्हा चारपाच जणांना स्टेजवर घेतलं, बुवांच्या मागे. आणि मध्येच तो तंबोरेवाला पोरगा लघवीला म्हणून उठला, तो बुवांनी मला नुसती भुवईने खूण केली..."

"म्हणजे तंबोऱ्यावर तुम्ही?" बँकवाले काका म्हणाले.

"पंचम डळमळला ना? मग! मला कुठे सवय होती?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी रिमोटकडे पाहिलं. नानांनी सुपारी उचलून तोंडात टाकली, सोफ्यावर मागे रेलले आणि म्हणाले, "आता ते दुसऱ्या बाजूचं, ठुमरीतलं लाव बघू. तिथे एक 'आहाहा' आलंय मोठं. ते यांचं आहे का बघू या. हो, बारा वर्षांच्या पोराला ठुमरी कितपत कळत होती, तेही कळेल."

"माझं डावीकडून यायला हवं," बँकवाले काका लगेच सावरून बसत बायकोला म्हणाले. "वहिनी, तुम्ही जरा तिथेच थांबा."